धक्क्यावरचा नळ

आज सकाळी ऊवेने धक्क्यावरचा नळ बंद केला. पाइपात पाणी गोठलं की पाइप फुटतो, म्हणून पहिली कडक थंडी पडली की तो हे काम करतो. आधी जमिनीखालचा व्हॉल्व्ह फिरवतो, मग नळ पूर्ण उघडून उरलेलं पाणी वाहू देतो. शेवटचा थेंब पडेपर्यंत खिशात हात घालून उभा राहतो. मग नळाला जुनं पोतं गुंडाळतो, दोरी बांधतो आणि जो कोणी समोर असेल त्याला सांगतो, "आल्झो. झालं तर मग. आता मार्चमध्ये."

आज समोर मीच होते, अंगात दोन स्वेटर, तोंडात ब्रश. त्याने वाक्य म्हटलं, मी मान हलवली. माझ्या टाक्या कालच भरून झाल्या होत्या.

हा माझा इथला चौथा हिवाळा. पण नळातून तो शेवटचा गुळगुळ आवाज आला, की मला आठवतो पहिलाच.

जर्मनीत हॅनोव्हरच्या उत्तरेकडून एक मोठा कालवा जातो. त्याच्या काठाला, गोदामं आणि भाजीचे मळे यांच्या मध्ये, लहान बोटींचं एक बंदर आहे. ऊवे ते सांभाळतो. बंदराच्या लाकडी धक्क्याच्या अगदी टोकाला, जिथून कालव्यात जायचं तोंड दिसतं, तिथे माझी बोट बांधलेली असते. इंग्लंडमधल्या चिंचोळ्या कालव्यांसाठी बांधलेली ही लांबुडकी लोखंडी नॅरोबोट कुणीतरी हौसेने इकडे आणली होती आणि हौस फिटल्यावर विकायला काढली होती. आत उभं राहून हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटं टेकतात. शेगडी, टेबल, ओटा, न्हाणी, पलंग, सगळं एकामागे एक, प्रार्थनेला रांगेत उभ्या केलेल्या मुलींसारखं.

अशा रांगांत मी बरीच उभी राहिले आहे. बाबा पाटबंधारे खात्यात होते. दर तीन वर्षांनी बदली, आणि बदलीच्या प्रत्येक गावी बाबा आधी क्वार्टर बघत आणि मग इंग्लिश मीडियमची शाळा. शाळा बदलायची, वाक्य तेच राहायचं. "मे आय कम इन, मिस?" दारात उभं राहायचं, हात पुढे करायचा, विचारायचं, आणि बाईंनी वहीतून मान वर करेपर्यंत तिथेच थांबायचं. मला ते इतकं छान जमायचं की चौथीत माझं उदाहरण वर्गाला दाखवलं होतं. त्या कौतुकाचा राग मला फार उशिरा आला.

इथे आल्यावर खोली शोधताना पुन्हा तेच दार. इथले तरुण लोक चारपाच जण मिळून फ्लॅट घेतात, त्याला वेगे म्हणतात. एक खोली रिकामी झाली की ते स्वयंपाकघरात कॉफीचे मग घेऊन बसतात आणि येणाऱ्याची मुलाखत घेतात. स्वतःबद्दल काहीतरी मजेशीर सांग, म्हणतात. मला स्वतःबद्दल मजेशीर असं पटकन काही आठवत नाही. मला त्यांच्या फ्रिजवरची साफसफाईची यादी दिसायची, त्यात कुणाच्या नावापुढे कधीच बरोबरची खूण नाही ते दिसायचं, कुणी कुणाकडे बघायचं टाळतंय तेही दिसायचं. बोलायला मात्र काही सुचायचं नाही. ट्रॅममध्ये बसेपर्यंत मेसेज आलेला असायचा. तू खूप छान आहेस, पण.

स्वतंत्र फ्लॅटचं तर बोलायलाच नको. भाडं परवडेल असे फ्लॅट बघायला जिन्यापासून फुटपाथपर्यंत रांग असायची, आणि रांगेतल्या सगळ्यांच्या हातात माझ्याहून जाड फाइल.

म्हणून मी सुनीताकाकूंच्या तळघरातल्या खोलीत राहत होते. काका-काकू मूळचे पुण्याचे, काका सॉफ्टवेअरमध्ये, घर स्वतःचं. माणसं वाईट नव्हती. पण खोलीला कडी नव्हती, फोडणी करायची तर दहाच्या आत, आणि रविवारी कुठे जाऊन आलीस ह्याचं उत्तर तयार ठेवावं लागायचं. बोटीची जाहिरात मी त्या तळघरातच पाहिली. दोन वर्षांच्या नोकरीतली बचत आणि तिची किंमत जवळजवळ जुळत होती. धक्क्याचं महिन्याचं भाडं तळघराच्या निम्म्यावर होतं. आणि मुख्य म्हणजे, बोट माझी मुलाखत घेणार नव्हती.

ऑगस्टमध्ये मी दोन बॅगा आणि कुकर घेऊन निघाले, तेव्हा काकू दारात उभ्या होत्या.

"अगं, लोक बोटीत फिरायला जातात. राहायला नाही."

"काही लोक राहतात, काकू."

"ते लोक वेगळे. तुझ्या आईने विचारलं तर मी काय सांगू?"

"आईने तुम्हाला विचारलं तर ना."

"भांडी घासायची सोय मात्र चांगली आहे हो. हात बाहेर काढला की झालं."

काका मागून हसले. मीही हसले. मग काकूंनी मला लोणच्याची बरणी दिली, आणि लेटरबॉक्सवरचं माझं नाव सध्या राहू दे म्हणाल्या. तो त्यांचा चांगुलपणा होता, आणि तिथूनच सगळं अडलं.

कारण ह्या देशात तुम्ही कुठे राहता ते सरकारी कचेरीत नोंदवावं लागतं. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्या कागदाशिवाय इथे माणूस अर्धाच असतो. नोंदीसाठी घरमालकाची सही लागते, आणि माझ्या बाबतीत घरमालक म्हणजे बंदराचा ऊवे. पहिल्याच आठवड्यात मी फॉर्म भरून त्याच्यापुढे धरला. त्याने तो वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"ऑगस्टमध्ये सगळ्यांनाच इथे राहायचं असतं," तो म्हणाला. "नोव्हेंबरात मी नळ बंद करतो. मग एकेक जण आईकडे जातो. तू मार्चमध्ये इथे दिसलीस तर सही करीन."

"आजवर किती जणांना केलीत?"

"पेन अजून नवीन आहे."

मला राग आला की मी गप्प होते. लोकांना वाटतं, मी ऐकून घेतलं. तो फॉर्म मी कटलरीच्या ड्रॉवरमध्ये, चमच्यांच्या खाली, सपाट ठेवला.

त्या सप्टेंबरबद्दल मला कुणी विचारलं नाही, नाहीतर मी पुष्कळ सांगितलं असतं. पहाटे भिंतीवर ठकठक व्हायची. दार उघडून पाहिलं तर कोणी नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की बदकं बोटीच्या अंगावरचं शेवाळ खातात. लोखंडावर चोच आपटली की आत अगदी बोटाच्या पेरांनी दार वाजवल्यासारखं ऐकू येतं. कालव्यातून मालवाहू बोट गेली की पाणी आधी ओढलं जातं आणि मग परत येतं. कपातला चहा एकदा डावीकडे झुकतो, एकदा उजवीकडे. आठवड्याभरात माझा हात आपोआप कप धरायला शिकला. फोडणीचा खकाणा खिडकीतून थेट पाण्यावर जायचा, आणि पाण्याने कधी तक्रार केली नाही. आतून कडी लावायची तर लावायची, नाही तर नाही.

ऑक्टोबरात धुकं आलं आणि मौज संपली. सकाळी उठल्यावर खिडक्यांच्या आतून पाणी ओघळायचं. गादीच्या खालची बाजू काळी पडली. लाकूड ओलं निघालं, शेगडी धुमसत राहिली, आणि मी ऑफिसला गेले की माझ्या केसांना होळीच्या दुसऱ्या दिवसासारखा वास यायचा. शेजारच्या टेबलावरची मुलगी नाक मुरडायची. संडासाची टाकी स्वतः उचलून, धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन, स्वतः रिकामी करावी लागायची. हे मी मुद्दाम लिहिते आहे. बोटीवरचे फोटो लोकांना आवडतात, आणि त्यांच्यात ही टाकी कधीच नसते.

त्याच सुमारास काकांचा फोन आला. आवाज खाली होता, म्हणजे काकू जवळच असणार.

"हे बघ, आमचं नागरिकत्वाचं काम चालू आहे. लेटरबॉक्सवर राहत नसलेल्या माणसाचं नाव... उद्या कोणी विचारलं तर? नोव्हेंबर अखेरपर्यंत तू तुझी व्यवस्था बघ. किंवा सरळ परत ये. खोली आहेच."

त्यांचं चुकलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि हिशेब अगदी सोपा निघाला. जानेवारीत माझा व्हिसा वाढवून घ्यायचा होता. त्यासाठी पत्ता हवा. काकांचा पत्ता नोव्हेंबरात संपणार, ऊवेची सही मार्चमध्ये मिळणार. मधले महिने मी कागदावर कुठेच नव्हते. एक तर तळघरात परत जायचं, नाहीतर ह्या देशात राहायचा हक्कच टांगणीला लावायचा.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं की पहिला प्रश्न असतो, "कुठे राहतेस?" नाव नंतर विचारतात. मी म्हणायचे, "कॅनॉलजवळ." ते खोटं नव्हतं. आईला सांगायचे, "छोटीशीच आहे जागा, पण लाकडी आहे सगळं आतून." तेही खोटं नव्हतं. व्हिडिओ कॉलला मी पलंगाच्या कोपऱ्यात बसायचे, मागे फक्त फळ्या दिसतील अशी. मोठी बोट गेली की मी हलायचे, आणि आई म्हणायची, "नेट हलतंय गं तुझं."

त्या वर्षी थंडी लवकर आली. दिवाळीच्या आधीच ऊवेने नळाला पोतं गुंडाळलं. धक्क्यावरच्या बोटी एकेक करून रिकाम्या झाल्या, निळ्या ताडपत्र्यांखाली गेल्या. मी बंदराच्या कचेरीतल्या बेसिनमधून कॅन भरून हातगाडीवरून आणायला लागले. गाडीचं एक चाक कुरकुरायचं. ऊवे खिडकीतून बघायचा. मी त्याच्याकडे बघायचे नाही. मुळात मला भांडता येत नाही. मला फक्त परत परत पाणी आणता येतं.

दिवाळीला मी आकाशकंदील केला. बांबूच्या काड्या मिळाल्या नाहीत, म्हणून रोपांना आधार द्यायच्या काड्या आणल्या. जिलेटिन पेपर फुलवाल्याकडे मिळाला, लालभडक. आमच्या क्वार्टरमध्ये दरवर्षी आई कंदील करायची आणि बाबा तो पोर्चमध्ये, रस्त्यावरून दिसेल असा लावायचे. कंदील आपल्यासाठी थोडाच असतो, म्हणायचे, तो येणाऱ्याला दिसायला हवा. म्हणून मीही तो बोटीच्या पुढच्या टोकाला, उंच काठीवर, कालव्यातून येणाऱ्याला दिसेल असा लावला. आत दिवा सोडला. काळ्या पाण्यात लाल उजेड लांबच लांब उतरला. मला बरं वाटलं. मी आत जाऊन शंकरपाळे तळायला घेतले.

पाण्यावरच्या दिव्यांना अर्थ असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बंदराच्या तोंडाशी एका बाजूला लाल आणि एका बाजूला हिरवा दिवा असतो. त्यावरून बोटवाले वाट ओळखतात. मी तिसराच एक लाल दिवा भलत्या जागी टांगला होता. संध्याकाळचे सहा वाजले असतील. एक भलीमोठी मालवाहू बोट कालव्यात थबकली आणि तिने असा भोंगा दिला की माझ्या हातातला झारा पडला.

अर्ध्या तासात बूट वाजले. पाण्यावरचे पोलीस, एक बाई आणि एक पुरुष. मागे ऊवे, घरातल्या चपलांवर. मी दार उघडलं आणि वाट बघत राहिले की आता हे आत शिरतील. बाबा माझ्या खोलीत नेहमी न वाजवता शिरायचे, मी अभ्यास करतेय की नाही बघायला. काकू तर धुतलेले कपडे घेऊन थेट पलंगापाशी.

पोलीसबाई धक्क्यावरच थांबली. तिने वाकून बोटीच्या छपरावर दोनदा बोटं वाजवली आणि विचारलं, "आम्ही बोटीवर येऊ का?"

नंतर मला कळलं की पाण्यावरची ती रीतच आहे. दुसऱ्याच्या बोटीवर विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, मग तुम्ही कोणीही असा. पण त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की दाराच्या आत मी आहे, आणि गणवेशातली दोन माणसं दाराबाहेर परवानगीसाठी थांबली आहेत. मान वर करायची पाळी माझी होती.

"या," मी म्हणाले.

ती दोघं वाकून आत आली. कंदील काढायला सांगितला, का ते समजावलं, मी माफी मागितली. कागद भरण्यापुरतं तिने नाव विचारलं. मग पत्ता.

तोंडात काकूंचा पत्ता तयार होता. रस्ता, घर नंबर, पिनकोड. नोंदीत तोच होता. तो सांगितला असता तर ती दोन मिनिटांत गेली असती. धक्क्यावर ऊवे उभा होता, त्याला सगळं ऐकू येत होतं. कढईतलं तेल शांत होत होतं.

"इथे," मी म्हणाले.

"इथे म्हणजे?"

"ह्या बोटीवर. मी इथे राहते."

"आनमेल्डुंग आहे इथली?"

"नाही. सही मिळाली नाही." मग मी ड्रॉवर उघडला, चमच्यांखालचा फॉर्म काढला आणि टेबलावर ठेवला. "ऑगस्टपासून भरलेला आहे. फक्त सही नाही."

पोलीसबाईने फॉर्म पाहिला आणि दारातून बाहेर ऊवेकडे पाहिलं. "ही इथे राहते का?"

ऊवेने माझ्या धुरांड्याकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला. "रोज धूर येतो. रोज त्या गाडीचं चाक ऐकतो मी. राहते."

"मग सही का नाही?"

"मी मार्च म्हणालो होतो."

"मार्चमध्येही असेन मी," मी म्हणाले. माझा आवाज मला ओळखू आला नाही. "पण मी आज पण आहे."

पोलीसबाईने आपला कागद बाजूला ठेवला. ती पेन पुढे धरून थांबली. ऊवेने धक्क्यावरूनच विचारलं, "येऊ का?" मी त्याला या म्हटलं. त्याने टेबलापाशी वाकून सही केली. माझ्या बोटांचं तेल लागून फॉर्मवर एक डाग पडला होता. तो आजही कचेरीतल्या कुठल्यातरी फाइलमध्ये असेल. मग तिघांनीही शंकरपाळे खाल्ले. जाताना ऊवे म्हणाला, "त्या गाडीच्या चाकाला तेल घाल. डोकं उठतं."

सही मिळाल्यावर मी घरी फोन लावला आणि कॅमेरा खिडकीकडे फिरवला. आई बघत राहिली. मग म्हणाली, "दार कुठल्या दिशेला आहे?"

"दोरी सोडली की कुठल्याही, आई."

बाबांनी फोन घेतला. "ते घर नाही. घराला पाया लागतो. मी तीस वर्षं कालवे बांधलेत, पाण्याचा भरवसा कोणाला सांगतेस?"

मी बाबांना उलट बोललेली मला आठवत नाही. तेव्हा बोलले. "बाबा, दर तीन वर्षांनी आपण ट्रकमध्ये सामान भरायचो. कुठल्या क्वार्टरचा पाया आपला होता? आईने प्रत्येक ठिकाणी कंदील लावला, आणि आपण त्याला घर म्हटलं. मी तेच करतेय."

पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "उन्हाळ्यातली पिकनिक कोणालाही जमते," बाबा म्हणाले. "मी येईन तर हिवाळ्यातच येईन. बघतो."

तीन वर्षं ते आले नाहीत. आई विचारायची, गरम कपडे आहेत का, लाकूड सुकलंय का. बाबा मागून म्हणायचे, "विचार, पातळी किती असते थंडीत." मी आईला सांगायचे, आई त्यांना सांगायची.

ह्या वर्षी दिवाळी चार दिवसांवर आहे. आज दुपारी आई-बाबा हॅनोव्हरला उतरले. मी स्टेशनवर गेले नाही. टॅक्सीवाल्याला दाखवायचा पत्ता मी कागदावर लिहून पाठवला होता. बंदराचं नाव, धक्का, जागेचा नंबर. तो कागद दाखवून कोणीतरी माझ्याकडे यावं, हे मला बघायचं होतं. काकू म्हणाल्या, "म्हातारी माणसं, अगं, आणायला तरी जायचंस." मी म्हटलं, "पत्ता आहे त्यांच्याकडे."

सकाळपासून शेगडी पेटती ठेवली आहे. लाकूड यंदा चांगलं सुकलं. कंदील पिवळा केला आहे आणि जमिनीच्या बाजूच्या खिडकीत, आतून लावला आहे. धक्क्यावरून येणाऱ्याला दिसेल आणि बोटवाल्यांना चकवणार नाही असा. पोहे भिजवले. मग काही करायला उरलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आता बाहेर अंधारून येतंय. फळ्यांवर चाकाच्या बॅगांचा खडखडाट होतोय, आणि त्यात बूट ओळखू येताहेत. एक ऊवेचे. दुसरे बाबांचे, ते टाच आधी टेकवतात. आईचा आवाज, "जपून हो, ओलं आहे." मग पावलं माझ्या दाराशी येतात, आणि ऊवेचा ठाम जर्मन नकार, "नाइन, नाइन." खिडकीतून दिसतंय, त्याने बाबांच्या छातीसमोर हात आडवा धरला आहे. बाबांना जर्मन येत नाही. ऊवे बोटं दुमडतो आणि हवेत दोनदा वाजवून दाखवतो. बाबा त्याच्याकडे बघतात, बोटीकडे बघतात, पाण्याकडे बघतात.

मग छपरावर ठकठक होते. अगदी हलकी, बदकं करतात तशी.

"येऊ का आत?" बाबा विचारतात.

मी पेन खाली ठेवते. शेगडीचं दार लोटते, हात पुसते. आणि उत्तर द्यायला, अगदी मुद्दाम, थोडा वेळ घेते.